वाढवलेला उजेड

कलबुर्गी

प्रिय प्रभुअण्णा,

'प्रिय' लिहिताना हात अडखळला. पण कॅमेरा धरायला तूच शिकवलंस, तेवढा एक शब्द तुझ्या हक्काचा आहे. पुढचं सगळं पत्र रागाचं आहे. तीन वर्षं झाली, पण राग तसूभरही कमी झालेला नाही.

नौबादचा आपला स्टुडिओ सोडल्यापासून मी इथे अल्बम छापणाऱ्या एका प्रेसमध्ये आहे. गावोगावच्या फोटोग्राफरांच्या फाइली आधी माझ्यासमोर उघडतात. हे तुला ठाऊक नसणार, नाहीतर तुझ्या बहिणीच्या, शैलश्रीच्या लग्नाचा अल्बम तू या प्रेसला पाठवलाच नसतास. स्टुडिओच्या पाटीवर आता फक्त 'प्रभुलिंग' उरलंय, हेही तुझ्या ऑर्डरवरूनच कळलं. पाटी छान दिसत असेल. माझं नाव खरवडायला किती वेळ लागला रे?

तुला आठवतं का, दर महिन्याला मी ते माऊसएवढं यंत्र स्क्रीनवर लटकवून तिचा उजेड आणि रंग जुळवून घ्यायची? तू हसायचास. "स्क्रीनला ताप आलाय काय गं, थर्मामीटर लावायलीस!" म्हणायचास. मीही हसायची. पण कागदावर जे उतरणार तेच स्क्रीनवर दिसायला हवं, नाहीतर आपण आंधळेपणाने काम करतो, हे मी तुला शंभरदा सांगितलं होतं. तुला मात्र गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की फोटो कसे झळकले पाहिजेत! चन्नबसप्पा मामांना त्यांच्या लेकीचे फोटो दाखवायचे होते, म्हणून तू स्क्रीनचा उजेड पूर्ण वाढवलास, आणि तो तसाच ठेवून चहाला निघून गेलास. मला सांगितलं नाहीस.

त्याच स्क्रीनवर मी रत्नपालच्या लग्नाचे फोटो दुरुस्त केले. माझं एकटीचं पहिलं लग्न. "आपल्या पोरीलाच काम द्यायचं," असा हट्ट धरून रत्नपालच्या आईनं, कोंडाबाईंनी, ते मला दिलं होतं. आमच्या बौद्ध लग्नांत नवरा-नवरी पांढऱ्या कपड्यात असतात, पाहुण्यांतही निम्मे पांढऱ्यात. त्या भगभगीत स्क्रीनवर सगळं पांढरं जळून गेल्यासारखं दिसत होतं. म्हणून मी एकेका फोटोचा उजेड उतरवत गेले. साडीची घडी न् घडी दिसेपर्यंत उतरवत गेले. फोटोतला उजेड दाखवणारा आलेख कोपऱ्यात होता, तो मी पाहिला नाही, डोळ्यांवर विश्वास ठेवला. ही माझी चूक, ती मी कधी नाकारली नाही. अल्बम छापून आला तेव्हा साड्या राखेच्या रंगाच्या होत्या आणि चेहरे नव्हतेच. कोंडाबाई पान उलटत राहिल्या, मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मैत्रे, मी एवढी काळी हाव का गं?"

तू शेजारीच उभा होतास. त्याच सकाळी मी स्क्रीन तपासली होती, आणि तू माझ्यापाशी कबूलही केलं होतंस की उजेड तूच वाढवलास. आणि मन्नाएखेळ्ळीला कोंडाबाईंच्या त्या भरल्या ओसरीत तू काय बोललास? "मावशी, माणसंच सावळी असली तर मशीन काय करंल? अन् हिला उजेडाचं कळतंय कुठं अजून." लोक हसले. तूही हसलास. मी तेव्हा तुझं नाव घेतलं असतं तर शिकवणाऱ्यावरच ढकलते म्हणाले असते. नंतर मी सगळा अल्बम नीट छापून नेऊन दिला. कोंडाबाईंनी ठेवून घेतला, पाणी दिलं, आणि विचारलं, "तवा कामून घाई केलीस गं?" मी घाई केली नव्हती, अण्णा. पण आमच्या माणसांत मला पुन्हा काम मिळालं नाही.

आता तुझी फाइल बघ. अजून स्क्रीन तशीच झगझगीत ठेवतोस, हे पहिल्या फोटोतच कळलं. तुझ्या अप्पांच्या कपाळावरची विभूती तेवढी दिसते, खाली चेहरा नाही. तुझ्या आईचे, चन्नम्मा काकूंचे डोळे शोधावे लागतात. शैलश्री मांडवात बसली आहे की अंधारात, सांगता येत नाही. तुमची माणसं तर गोरी ना रे? मग कशी काय अशी उतरली? ऑर्डरवर तू 'दुरुस्ती नको, आहे तसं छापा' लिहिलंस, आणि खाली घाई केलीस, सोमवारी तिच्या सासरची माणसं अल्बम बघायला येणार म्हणून. मी फोन हातात घेतला होता. मग तो खाली ठेवला आणि आहे तसं छापलं. पहिलं पान बाहेर आलं तेव्हा मला बरं वाटलं, हे लपवत नाही.

तोच अल्बम या डब्यात, या पत्राखाली आहे. तो सोमवारी पुढे ठेवायचा की नाही, तुझं तू बघ. पण शैलश्रीचा यात काही दोष नाही, म्हणून मी दुसराही छापलाय, एकेक फोटो नीट करून. काकूंचे डोळे त्यात स्पष्ट दिसतात. तो मी तुला पाठवणार नाही. तो सीलबंद डब्यात कोंडाबाईंच्या घरी आहे. त्यांना मी एवढंच सांगून आलेय की प्रभुलिंग येईल, चार माणसांदेखत तुम्हाला काहीतरी सांगेल, ते ऐकून झाल्यावर डबा द्या. काय सांगायचं ते तुला माहीत आहे. जाताना एक लक्षात ठेव, त्यांना हल्ली कमी ऐकू येतं. मोठ्यानं बोल.

तू शिकवलेली, म्हणून अजून तुझीच,
मैत्रेयी