मायच्या कोहळ्याचं बी

प्रिय गोपिका,

माय वडनेरहून नवरी होऊन आली, ती पदरात कोहळ्याचं बी बांधून. दरवर्षी एक कोहळं ती बियाण्याला राखायची. तुझा भाऊ गेला त्या वर्षीही तिनं मला बी लावायला उठवलं, "ऊठ वं, वेल काय सुतक पाळते?"

यंदाचं राखलेलं कोहळं तू नकळत तिच्या तेरवीला रडत रडत चिरलंस आणि बिया गाईपुढे टाकल्यास. मी पोचले तोवर गाईनं खाल्ल्या होत्या. घरात दुसरं बी नव्हतं.

काल फोनवर म्हणालीस, "वयनी, मायच्या कोहळ्याचं बी मह्यासाठी ठेवजो."

हे तुला कळायला नको, म्हणून हे पत्र माझ्या कपड्यांच्या पेटीतच राहील. सेलूच्या दुकानातून बी आणलंय, ते पाठवते. मायचंच आहे, असं सांगेन.

हिंगणीहून तुझी,
रंजिता वयनी