अमेरिकेला आपली विहीर कुणी सांगितली?

पाचगणी, ५ ऑगस्ट १९७४

तीर्थस्वरूप लालासाहेब दाजींस,
मेहुणा आकाराम याचा दंडवत. आक्काचा दमा कसा आहे, ऊस कसा आहे, ते कळवणे. पाकिटाला भाताची खळ दोनदा लावली आहे. कड उचकटलेली दिसली तर पोस्टमनला कोपऱ्यात घेऊन विचारणे.

पत्र लिहिण्याचं कारण, आपलं गुपित कुणीतरी फोडलं आहे. काल रविवारी शाळेत पोरांना इंग्रजी सिनेमा दाखवला. आम्ही भटारखान्यातली माणसं मागं सतरंजीवर. (कणीक अर्धी टाकून गेलो, तिथंच चुकलं.) त्यात एक तरणा काळा गडी गोऱ्यांच्या नळाचं पाणी पितो. गोरे त्याला मारून नदीत टाकतात. शेजारचा दुकानदार सगळं बघतो आणि कोर्टात सांगतो, पाय घसरून पडला. दाजी, पाय घसरून! हे तर आपल्या पंचनाम्यातलं! दुष्काळात महारवाड्यातल्या नाथाजीनं आपल्या विहिरीवर कळशी भरली, तुम्ही काठी उचलली, तो जिवानिशी गेला, आणि मी फौजदाराला सांगितलं ते हेच. हे ठाऊक फक्त तुम्हाला न् मला.

पहिला वहीम गुणमालाबाईंवर. त्या इथं शिकवतात, सिनेमाचा अर्थ आम्हाला मराठीत सांगत होत्या, आणि माहेर सांगलीकडचं. (आपलं कडेगाव तिथनं किती लांब?) त्या म्हणाल्या, "अहो, ही अमेरिकेतली गोष्ट आहे." मी म्हटलं, "मग अमेरिकेला कुणी सांगितली?" मग सिनेमाचं यंत्र फिरवणाऱ्याचा रिळांचा डबा तपासला. शिक्का मुंबईचा. शिक्क्याचं काय, कुठलाही मारता येतो.

सिनेमातली त्या गड्याची म्हातारी आई कोर्टात बसलेली असते. पोराचा सदरा मांडीवर घेऊन त्या दुकानदाराकडं नुसती बघते. नाथाजीची आई रंगूबाई चावडीच्या पायरीवर अशीच बसली होती, आणि मी मागल्या दारानं निघालो होतो.

शेजारी भांडी घासणारी साळूबाई बसली होती. म्हणाली, "आकारामदादा, त्यो खोटं बोलनारा कोन वो?"

"मला काय ठावं?"

"मग तुमी कशापायी रडताय?"

मी म्हटलं, धूर गेला डोळ्यात. तिथं चूल नव्हती.

तर दाजी, कुणावर विश्वास ठेवू नका, माझ्यावरसुद्धा.

आपला (निदान आजच्या टपालापर्यंत),
आकाराम

ता. क. पत्र वाचून जाळणे.

आणखी ता. क. जाळून उपयोग नाही. आज सकाळी गुणमालाबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी अर्ज लिहून दिला, खाली मी सही केली. बुधवारी कडेगावला उतरून थेट ठाण्यात जाणार. एवढीच विनंती, माझ्याआधी तुम्ही जाऊन खरं सांगा. म्हणजे आक्काच्या दारात उभं राहायला मला तोंड राहील.