उजव्या कोपराचं दुखणं

११ जाने. १९६०
सकाळी पाण्यानं भरलेला गडवा उचलला, अन् हातातून सुटलाच. उजव्या कोपराची बाहेरची बाजू. आत निखारा ठेवल्यासारखी. पडलो नाही, मार लागला नाही. बायको, इंदू, म्हणते, "झोपीत दबला असन." बाहेर धुकं. पोलादाच्या नव्या मिलचे खांब बिनपायाचे, हवेत तरंगून राहिले.

१४ जाने.
इंदूनं एरंडाचं पान गरम करून बांधलं. शेजारचे म्हणतात वात आहे. दिवसभर वर बीमवर बोल्ट आवळून राहिलो, हात डोक्याच्या वर. पाना फिरवला की कळ, सोडला की कमी. कावून?

१९ जाने.
दवाखाना. डॉक्टरसाहेब नागपूरकडचे. त्यांनी कोपर सोडून मनगट धरलं. "मी दाबतो, तुम्ही वर उचला." कळ निघाली ती कोपरात!
म्हणाले, "हाड चांगलं आहे. मनगट उचलणाऱ्या स्नायूंची दोरी इथं कोपराशी बांधलेली असते. ती दुखावली."
"पण मार तं लागला नाही."
"एका घावाचं नाही हे. रोज तोच पीळ, तोच पीळ. भरून यायला वेळच दिला नाही तुम्ही."
सहा आठवडे हलकं काम, अशी चिठ्ठी. खिशातच ठेवली. मिल सुरू झाल्यावर कोणते फिटर ठेवायचे, ते फोरमन याच महिन्यात ठरवून राहिले.

२० जाने.
स्वप्न. माझा हात म्हणजे दोर. एकेक पांढरा धागा सुटून राहिला, कापसासारखा उडून राहिला. आवाज नाही. दुखणंही नाही. पाहत राहावंसं वाटलं.

२३ जाने.
पाना सुटला. खाली आमचा हेल्पर धनीराम वाकून काम करत होता. त्याच्या डोक्यापासून हातभर दूर पडला. त्यानं वर पाहिलं.
उतरलो. चिठ्ठी फोरमनच्या हातात दिली. "पहले क्यों नहीं बताया?"
घरी इंदूले सारं सांगितलं. कणीक मळता मळता थांबली. "नोकरी गेली तं दुसरी पाहू. तो मानूस मेला असता तं?"

२ फेब्रु.
औजारांच्या स्टोअरमधे बसवलं. दुपारी ऊन तिरपं येते, लोखंडाची धूळ त्यात सावकाश फिरते, डोळे मिटतात. औजार न्यायले येणाऱ्यांचे हात पाहतो. चौघं तरी कोपर चोळून राहिले. कोणी कोणाले सांगत नाही. मीही कुठं सांगितलं होतं.

९ फेब्रु.
मिल उभारायले आलेल्या रशियनांपैकी एक म्हातारा मेकॅनिक पाना परत करायले आला. पान्याच्या मुठीवर कॅनव्हासची पट्टी, चांगली जाड गुंडाळलेली. मी पाहतच राहिलो. त्यानं दुसरा, उघडा पाना धरून दाखवला: बोटं करकचून, तोंड वाकडं. मग जाड मूठ धरली, बोटं सैल. मग आपलं कोपर दाखवलं. मी माझं दाखवलं. दुभाषी नव्हता. हसलो दोघंही.
म्हणजे मूठ बारीक, म्हणून जास्त आवळतो, म्हणून दोरीवर ताण...
सायंकाळपर्यंत आठ पाने गुंडाळले. डाव्या हातानं.

६ मार्च
सहा आठवडे भरले. फोरमन म्हणाले, "कल ऊपर चढ़के देखो."
सायंकाळी मरोद्याच्या तलावावर पाण्यात हात बुडवून बसलो. पाण्यात तो दुसऱ्या कोणाचा वाटते, हलका, थोडा वाकडा. दुखत नाही. बरा झाला, की नुसता निजला?
इंदू काठावरून विचारते, "जाता काय मंग उद्या?"
पाण्यातच मूठ आवळली. सोडली. पुन्हा आवळली.