बॅगांपाशी कोण बसणार?

२१ डिसेंबर

पोचलो एकदाचे. हॉटेल उंच, खोली एवढीशी, खिडकी उघडावी तर समोर दुसऱ्या इमारतीची भिंत. मधे दार असलेल्या दोन खोल्या — पलीकडे मुलगा आणि सून, अलीकडे मी आणि नात. नात सहा वर्षांची, पण झोपेत लाथा मारते त्या पहिलवानाच्या! दुपारी जरा आडवे झालो तेवढ्यात बरगडी शेकायची वेळ आली.

विमानतळापासून मुलाने भाड्याची गाडी चालवली. मी मागे बसून सारखा पाय दाबत होते. सवय! वीस वर्षं लोकांना गाडी शिकवतेय. शिकणाऱ्याच्या शेजारी बसते, माझ्या पायाखालीही एक ब्रेक असतो. तो नसला की जीव टांगणीला लागतो. मुलाने आरशात पाहिलं. म्हणाला, "आई, पाय सैल सोड. तू शिकवायला नाही, मजा करायला आलीयस. तुला काही म्हणजे काही करायचं नाहीये."

हा इतका गोड कधीपासून बोलायला लागला? दोन वर्षं वाढदिवसाला नुसता मेसेज, आणि आता एकदम "आईशिवाय नाताळची सुट्टी नकोच"! कुठेतरी पाणी मुरतंय.

२२ डिसेंबर

थीम पार्क. फाटकातच नाताळचं झाड — मान मागे टाकली तरी शेंडा दिसेना. वरून बर्फ पडत होता. नातीने जीभ बाहेर काढून झेलला आणि थू थू करत सुटली. साबणाचा फेस!

पण खरी गोष्ट म्हणजे अजगर. पार्कवाल्यांनी त्याला लांबलचक नाव दिलंय. नात अजगर म्हणते, हिरवा आहे म्हणून. आकाशात रुळांची वेटोळी, आणि त्यावरून माणसांनी भरलेले डबे उलटेपालटे होत जातात. बघून मला वाटली ती भीती नव्हे — हाव! निघालेच मी रांगेकडे. मुलाने दंड धरला. "आई, तू कुठे? बीपी आहे तुला. शिवाय पिल्लूची उंची बसत नाही तिथे. तू तिला घेऊन बस या बाकावर. आणि बॅगा बघ."

म्हणजे मला काही करायचं नव्हतं ते हे!

बाकावर आधीच एक गृहस्थ होते. पायाशी बॅगांचा ढीग, मांडीवर कोणाचातरी कोट, डोक्यावर छत्री — साबणाच्या बर्फासाठी. मी लगेच नाव ठेवून दिलं, छत्रीवाले. म्हणाले, "पहिलंच वर्ष का? माझं चौथं. लेक दरवर्षी घेऊन येते. अजगराबद्दल काही विचारा, सगळं सांगतो — खालून."

"वर कधी गेला नाहीत?"

"बॅगांपाशी कोण बसणार?"

हे म्हणून ते हसले. मला नाही हसू आलं.

२३ डिसेंबर

आजही बाक. बॅगा वाढल्या. एक तर आमची नव्हतीच!

२४ डिसेंबर

आज पार्क नाही, शहर. रस्तेच्या रस्ते दिव्यांनी मढवलेले, आणि माणसं इतकी की आपण चालत नाही, ढकललो जातो. दुकानांच्या काचांमागे यंत्राची हरणं माना हलवतायत. मला आवडलं. खोटं कशाला लिहू? गर्दी मला आवडते. गर्दीत कोणी "दमलीस का" विचारत नाही.

मग खेळण्यांचं दुकान. मुलगा आणि सून पैसे द्यायच्या रांगेत. मी आणि नात लाकडी घोड्यांपाशी. ती घोड्यावर बसून झुलत म्हणाली, "आजी, तू आमच्याकडे राहायला आलीस ना, की माझी खोली आपली दोघींची."

"राहायला? कधी?"

"सुट्टी संपली की. आई ऑफिसच्या कामाला दुसऱ्या गावी जाणार. तू मला शाळेत सोडायचं. बाबा तुझी गाडी विकणार. या वयात तिला काय करायचीय गाडी?"

शेवटचं वाक्य तिचं नव्हतं. ऐकलेलं होतं. घोडा झुलतच होता.

माझी गाडी! पांढरी, दोन ब्रेकवाली, छपरावर लाल पाटी. त्या गाडीत मी नवरा गेल्यावर पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला. बायकांना शिकवते — चाळिशीच्या, पन्नाशीच्या, ज्यांना घरच्यांनी "तुला नाही जमायचं" म्हणून ठेवलंय अशा. बँकवाल्या बाईंची तर दोन जानेवारीला परीक्षा आहे. आणि इथे माझ्या पाठीमागे माझी गाडी विकून झाली, माझं घर आवरून झालं, मला नातीच्या खोलीत ठेवूनही झालं!

ही सगळी सुनेची करामत. मुलगा भोळा सांब आहे, त्याला एवढं सुचायचं नाही. ती आतल्या गाठीची! सात वर्षांत "आई, चहा घेता?"च्या पुढे बोलणं गेलं नाही, आणि आता मी तिच्या घरी आया म्हणून हवी.

संध्याकाळी जेवताना मुलाने नमनाला सुरुवात केलीच. "आई, तिकडे दिवसभर एकटी काय करतेस गं?"

"एकटी? गाडीत कायम दोघी असतो."

सून ताटात बघत राहिली. नजर द्यायला तोंड हवं ना!

२५ डिसेंबर

बसले! अजगरात बसले!

सगळं नीट लिहिते. सकाळी परत पार्क. मुलगा नातीला घेऊन छोट्या आगगाडीकडे गेला, सून कॉफीच्या रांगेत, मी बाकावर. बॅगांपाशी. शेजारी छत्रीवाले. मी त्यांना सगळं सांगितलं — गाडी, घर, खोली. ते म्हणाले, "तुम्ही जा. तुमच्या बॅगा मी बघतो. उद्या माझ्या तुम्ही बघा."

एवढं सोपं होतं! चार वर्षं त्या माणसाला सुचलं नाही, आणि तीन दिवस मलाही.

रांगेच्या टोकाला लाल टोपीवाला पोरगा. माझ्याकडे बघून म्हणाला, "कोणाबरोबर आहात?"

"माझ्याबरोबर."

त्याने पाटीकडे बोट दाखवलं. हृदय, पाठ, रक्तदाब, गरोदरपण. "यातलं काही?"

"बीपीची गोळी सकाळीच घेतलीय, डॉक्टर म्हणतात आटोक्यात आहे. आणि गरोदर नाही."

मागची सगळी रांग हसली. त्याने मला डब्यात बसवून दांडा खाली घेतला, दोनदा ओढून पाहिला.

चढ हळू हळू. शेजारच्या सीटवर एक तरुणी, डोळे गच्च मिटलेले, कोणत्यातरी देवाचं नाव पुटपुटतेय. माझा पाय आपोआप दाबला गेला. ब्रेक नाही! खाली झाड एवढंसं, बाक दिसेचना. आणि मग डबा सुटला. मी ओरडले. सगळेच ओरडत होते, पण मी शब्दांत ओरडले — "येणार नाही! मी येणार नाही!" उलटी झाले, सुलटी झाले, चष्मा मुठीत, पोट घशात, आणि ओरडतेय "येणार नाही!" शेजारची डोळे उघडून माझ्याकडेच बघायला लागली. मला भीती वाटली का? वाटली की! पाचावर धारण बसली होती. पण किती बरं वाटलं ते कसं लिहू?

खाली आले तर सगळ्या पार्कभर भोंग्यावर एक बाई सांगतेय — "पांढरे केस, निळा स्वेटर, वय चौसष्ट, आजी हरवल्या आहेत." मी हरवले! चौसष्ट वर्षांत पहिल्यांदा सापडले होते.

बाकापाशी मुलगा लालबुंद. छत्रीवाले बॅगांवर पाय ठेवून, चौकीदारासारखे — मी कुठे गेले ते काही फोडलेलं नाही. "आई! तुला काही झालं असतं तर?"

"तर बॅगा बघायला दुसरं कोणीतरी शोधलं असतंस."

"असं काय बोलतेस?"

मग मी बोललेच. सगळ्यांदेखत. "मी तुझ्याकडे राहायला येणार नाही. गाडी विकणार नाही. पिल्लू माझा जीव की प्राण आहे, पण मी तिची आया नाही. आणि मला काही विचारायचं असेल तर मला विचारायचं. लेकराला सांगायचं नाही."

मुलगा गर्रकन सुनेकडे वळला. "तू सांगितलंस?" तिच्या हातातली कॉफी सांडून बुटांवर पडत होती, तरी तिला कळलं नाही.

२६ डिसेंबर

मुलगा बोलत नाही. नाही तर नाही!

शब्द दिला होता म्हणून पार्कात गेले. छत्रीवाल्यांच्या बॅगा पुढ्यात घेतल्या. त्यांनी छत्री मिटून माझ्या हातात दिली आणि गेले रांगेत, शाळेत पहिल्या दिवशी मूल जातं तसे, मागे वळून वळून बघत.

थोड्या वेळाने सून येऊन बसली. मी सरकले, बाक पुरेसा असूनही. तिनेच सुरुवात केली. "आई, स्पष्ट बोलू? राग मानू नका. मला तुम्ही घरी नकोच होतात."

मी छत्री बाकाला टेकवून तिच्याकडे वळले.

"म्हणजे तुम्ही वाईट म्हणून नाही. दिवसभर एका घरात आपण दोघी — तुम्हीही अवघडाल, मीही. मला बढती मिळतेय. महिन्यातून काही दिवस फिरती आहे. तुमचे चिरंजीव म्हणाले, एक तर आई येईल, नाहीतर तू बढती सोड. बस. तिसरं काही त्यांना सुचलंच नाही. मी म्हटलं, आईंना आधी विचारा. तर म्हणे, फिरायला नेऊ, खूष झाली की सांगू."

भोळा सांब! मीच भोळी. सापाला दोरी आणि दोरीला साप समजून बसले होते.

"तू कालच का नाही बोललीस?"

"तुम्ही इतक्या चिडला होतात. आणि खरं सांगू? मला ऐकायला बरं वाटत होतं. मला असं ओरडता आलं पाहिजे." मग म्हणाली, "तुम्ही नाही म्हणालात ते बरोबरच केलंत. फक्त आता मला नाही म्हणावं लागेल. ऑफिसात."

मी तिच्या हातावर हात ठेवला. पहिल्यांदाच. तिचा हात थंड होता.

छत्रीवाले परत आले ते लटपटत, टकलावरचे चार केस उभे, तोंडभर हसू. म्हणाले, "उद्या लेकीला सांगणार, बॅगा हॉटेलात ठेव."

आता झोप येत नाही. माझं सुख तिच्या नोकरीवर पाय ठेवून उभं आहे. वाईट वाटतंय, फार वाटतंय. पण जाणार नाही म्हणजे नाही. मी गेले तर ती सुटेल आणि मी अडकेन. नाही गेले तर मी सुटेन आणि ती अडकेल. आणि ज्याने हा खोडा घातला तो पलीकडच्या खोलीत घोरतोय!

२७ डिसेंबर

हॉटेलच्या तळघरात, गाडीत सामान भरताना मुलाला गाठलं. नात आणि सून वर होत्या.

तो आधीच म्हणाला, "मग आता मी काय करू? नोकरी सोडू?"

"बायकोला 'बढती सोड' म्हणताना हे इतकं अवघड नव्हतं वाटत."

"आई! तू तिच्या बाजूने?"

"मी माझ्या बाजूने. ती तिच्या. आणि आमच्या दोघींची गाठ तू घालून दिलीस, एकमेकींशी भांडायला."

"मी सगळ्यांचं भलंच बघत होतो गं."

"बघत होतास. विचारत नव्हतास."

तो डिकीच्या झाकणाला हात लावून उभा राहिला. लहानपणी मार खाल्ल्यावर राहायचा तसा. मला भरून आलं. जवळ घ्यावंसं वाटलं. नाही घेतलं. घेतलं असतं तर मी हो म्हणाले असते — स्वतःला ओळखते मी.

२८ डिसेंबर

परतीचं विमान. कोणी कोणाशी बोललं नाही. नात सोडून — ती सगळ्यांशी बोलली, हवाई सुंदरीशीसुद्धा. उतरल्यावर ते त्यांच्या गावी, मी माझ्या.

२ जानेवारी

बँकवाल्या बाई पास! चढावर गाडी थांबवून परत काढताना एक इंच मागे गेली नाही. मला मिठी मारून रडल्या. नवऱ्याला फोन करून म्हणाल्या, "आज न्यायला येऊ नका."

घरी आले. फोन बघितला. मुलाचा नाही.

११ जानेवारी

नातीने चित्र पाठवलंय. हिरवा अजगर, त्यात एकटी आजी, तोंड केवढं मोठं उघडलेलं! खाली सुनेचा एक शब्द नाही.

तिच्या बढतीचं काय झालं ते विचारायचा धीर होत नाही. मला! भर रस्त्यात ट्रकवाल्यांशी भांडणाऱ्या बाईला! नंबर काढते आणि ठेवून देते. तिने ऑफिसात नाही म्हटलं असेल. आता ती जन्मभर घरात सगळ्यांशी गोड बोलेल आणि आतून कुढेल. हे माझ्या डोक्यावर नाही, मुलाच्या आहे. असं शंभरदा म्हणून झालं. तरी आज धड्यात दोनदा उगाच ब्रेक दाबला.

१९ जानेवारी

सुनेचा फोन. बढती घेतली! पण बदली मागून — इथल्या शाखेत. एक तारखेला येतेय, ती आणि पिल्लू. माझ्या घरात नाही, मागच्या गल्लीत जागाही बघून ठेवली. शाळेशी बोललीय, पाळणाघराशी बोललीय. मग म्हणाली, "आई, फिरतीच्या रात्री तेवढं पिल्लूला तुमच्याकडे ठेवलं तर जमेल का? नाही म्हणालात तरी चालेल, मी दुसरी सोय करीन." किती वर्षांनी मला कोणी काही विचारलं! हो म्हटलं. लगेच म्हटलं.

तासाभरात मुलाचा फोन. आवाज अगदी लहान झालेला. "आई, मग मी? मी पण येऊ का तिकडे?"

म्हटलं, "मला काय विचारतोस? तिला विचार."