अकरा दारांच्या घराची वाटणी

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, धंदा गवंडीकाम, हे मृत्युपत्र शुद्धीत आणि राजीखुशीने लिहून ठेवत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचं दवाखान्यातल्या नर्सबाईंनी तपासून सांगितलं आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. धाकट्या मुलाने आणून पाहिला, त्याला जमलं नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

१. वस्तीतलं राहतं घर. खालची जमीन माझ्या नावावर नाही, वस्तीत ती कोणाच्याच नावावर नाही, म्हणून ती मी कोणाला देत नाही. वरचं सगळं माझं. इमारती पाडायच्या कामावर मी राडारोडा उचलायला होते. मुकादम विटा नेऊ द्यायचा नाही, दारं मात्र न्या म्हणायचा. त्यामुळे या घराच्या भिंती म्हणजे अकरा दारं आहेत. त्यातलं एकच उघडतं. पाहुण्यांना ते सापडायला वेळ लागतो.

पुढे एक आर्किटेक्ट बाई वही घेऊन आल्या आणि डिझाइन कोणाचं म्हणून विचारलं. मी मुकादमाचं म्हणून सांगितलं. मग आम्ही दोघींनी मिळून वस्तीत तेवीस घरं उभी केली. पत्र्याखाली जुन्या फळ्यांचा थर, मधे हवा खेळायला वीतभर जागा, भिंतीत उजेडासाठी बाटल्या. उन्हाळ्यात आत बसवतं. बाईंना बक्षीस मिळालं. फोटोत मी आहे, खाली ‘स्थानिक कारागीर’ असं छापलं आहे. तो राग मी या कलमाने सोडते. फोटो जाऊबाईंना द्यावा. लोकांची दारं लावून घर होत नाही, असं त्या चारचौघांत म्हणाल्या होत्या. फोटोतलं घर त्यांचंच आहे.

२. धाकटा मुलगा. तो या घराला भंगार म्हणतो, तेव्हा ते त्याच्या गळ्यात मारू नये. पाण्याची टाकी द्यावी, तिच्यावर त्याचा फार दिवस डोळा आहे.

३. थापी, ओळंबा, हातोड्या, करवती ही सगळी हत्यारं थोरल्या मुलीला. कारण लिहिणं भाग आहे. ती माझ्या हाताखाली सहा वर्षं होती. शेजारच्या शिवणवालीचं छप्पर घालताना एक जुना लोखंडी अँगल आतून गंजलेला निघाला. थोरलीने हातोडीने वाजवून पाहिला आणि म्हणाली, “आई, हा नको. बद वाजतोय.” मी म्हटलं, “तू मला शिकवणार?” आणि त्याला रंग मारून चढवला. रंग मारला की सगळंच नवं दिसतं.

दुसऱ्या वर्षी वादळात ते छप्पर शिवणवालीवर आलं. तिचा उजवा हात कामातून गेला. वस्तीत सगळे वाऱ्याला बोलले. मीही बोलले. थोरलीने धंदा सोडला आणि कपड्यांच्या दुकानात लागली. मला कधी एका शब्दाने बोलली नाही. ते फार जड गेलं.

४. याला नऊ वर्षं झाली. गेल्या महिन्यात मी शिवणवालीकडे जाऊन सगळं सांगितलं. ती डाव्या हाताने मशीनखाली कापड सरकवत होती, ते थांबलं नाही. म्हणाली, “मला ठाऊक आहे. छप्पर पडलं त्याच आठवड्यात तुझी लेक येऊन सांगून गेली. तू कधी येतेस, ते बघत होते.”

मी म्हटलं, माझ्यामागे राहतं घर तुला. तिने विचारलं, “त्याचं छप्पर कोणी घातलंय?” मी म्हटलं, मीच. ती म्हणाली, “मग नको.”

सबब घर शिवणवालीला, पण या अटीवर: थोरलीने आधी सगळं छप्पर उतरवावं, एकेक अँगल वाजवून पाहावा आणि बद वाजेल तो फेकून द्यावा. ती हो म्हणेल तेव्हाच शिवणवालीने आत पाऊल टाकावं. यात दुसऱ्या कोणाचं मत विचारू नये, माझं तसं मत होतं असं सांगूनही कोणी बद वाजणारा अँगल चढवू नये.

हे कलम मी थोरलीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “तू मरायची वाट कशाला बघायची? रविवारी सुट्टी आहे मला.”

वरील मजकूर वाचून, समजून सही केली.

सही: अकरा दारांची मावशी
साक्षीदार: दवाखान्यातल्या नर्सबाई, कोपऱ्यावरचे किराणा दुकानदार
ठिकाण: राहतं घर, सध्या छपराशिवाय
दिनांक: ३ मार्च, सोमवार