मेंढरांच्या पाठीवरची सही

प्रिय आत्याबाई,

आज माजलगावहून नवा सातबारा घेऊन आले आणि तशीच तुम्हाला लिहायला बसले. माझं नाव चढलं हो! दोनदा वाचलं, मग मेंढरांनाही मोठ्यानं वाचून दाखवलं. घरात दुसरं होतं कोण?

आठवतं ना, तुमचा धाकटा, माझा नवरा, गेला, त्याचं दहावंही झालं नव्हतं. तेवढ्यात तुमचा थोरला, माझे भावजी, कागद घेऊन आले. "आई, अनुदानाचा कागद हाय, अंगठा दे." तुम्ही दिला! त्यात लिहिलेलं, मयताला आईशिवाय वारस नाही. आणि मी कोण? मेंढरं राखायला ठेवलेली गडीण?

किती भांडले मी तुमच्याशी! मी तहसीलात त्या कागदावर हरकत घेतली, त्या दिवशी तुम्ही चुलीपुढं बसून म्हणालात, "अंगठ्यानं घात केला माझ्या. मला सही शिकिव."

पाटी कुठली आणि वही कुठली! मेंढरांना खूण करायचा लाल रंग घेतलात आणि त्यांच्या पाठीवरच गिरवायला लागलात. आठ दिवसांत सगळा कळप 'सखुबाई' झाला. दिंद्रुडच्या बाजारात लोक हसले, "सखुबाई पाला खाती बघा!" काय चिडलात तुम्ही! पण 'खु'चा उकार शेवटपर्यंत उलटाच काढलात.

सुनावणीला साहेबांनी शाईचं पॅड पुढं केलं. तुम्ही ते मागं सरकवलंत. "न्हाई साहेब. अंगठा एकदा दिला, लई महागात पडला. ही माझी सून हाय, वारस हाय. आता मी लिव्हून देते." चार अक्षरांना केवढा वेळ! मागची माणसं चुळबुळत होती, भावजी भिंतीकडं बघत होते. मी हसावं का रडावं? दोन्ही केलं.

राग एकाच गोष्टीचा आहे. निकालापर्यंत थांबायचं होतं ना! एवढी कसली घाई जायची?

वस्तीवरच्या तिघीजणी आता माझ्याकडं सही शिकायला येतात. वही दिली तर म्हणतात, "मेंढरू दे की!"

तुम्हाला शब्द देते, यातल्या एकीचाही अंगठा न वाचलेल्या कागदावर पडू देणार नाही. आणि यंदा लोकर कातरली की पहिल्या मेंढीवर तुमचंच नाव काढीन. उकार उलटाच ठेवीन.

तुमची सून, आता कागदावरही वारस,
कमल