माहेरचं नाव

डेट्रॉइट, ऑक्टोबर १९०९

प्रिय आई,

मी बरा आहे, दोन वेळा नीट जेवतो. तुझा गुडघा आता कसा आहे?

एक गोष्ट तुला सांगायचं टाळत होतो. माझा मोटारीचा कारखाना बुडाला, तेव्हा आपलं आडनावही त्याच्याबरोबर विकलं गेलं. घेणाऱ्यांचा वकील म्हणाला, "मोटारीवर 'हेन्शॉ' आता फक्त आम्ही लावणार. तुम्ही ते पत्राखाली खुशाल लिहा." त्या दिवशी मात्र घास उतरला नाही.

पण हात माझेच आहेत. ओटिस नावाच्या लोहाराच्या तबेल्यात आम्ही दोघांनी नवी मोटार उभी केली. काल ती चर्चजवळचा चढ कुठेही न थांबता चढली. वर जमलेल्या लोकांनी विचारलं, "हिचं नाव काय?" ओटिस माझ्याकडे बघू लागला.

मी म्हणालो, "थॅकर."

तुझ्या माहेरचं आडनाव तुला न विचारताच घेतलं, रागावू नकोस. गिडियनमामा कुरकुरला तर त्याला सांग, मोटारी मी कुणालाही विकेन, हे नाव विकणार नाही.

थंडीत जप.

तुझाच,
एल्वुड हेन्शॉ